पुडीवरचे शून्य

अमेरिकेतल्या उपाहारगृहांच्या टेबलांवर सॅकरीनची गुलाबी पुडी ठेवलेली असते. वजन एक ग्रॅम. तिच्यातल्या पांढऱ्या दाण्यांमध्ये खुद्द सॅकरीन अगदी थोडे असते, कारण ते साखरेच्या तीनशेपट, काही मोजणीनुसार त्याहूनही अधिक गोड आहे आणि दोन चमचे साखरेचे काम त्याच्या तीस-चाळीस मिलिग्रॅममध्ये होते. इतकी सूक्ष्म मात्रा चिमटीत धरता येत नाही. म्हणून उरलेली जागा डेक्स्ट्रोजने भरून काढतात. दुसऱ्या काही पुड्यांत त्याच्या जोडीला माल्टोडेक्स्ट्रिन असते. दोन्ही द्रव्ये स्टार्चपासून काढलेली आणि दोन्ही साखरेसारखीच ग्रॅममागे सुमारे 4 कॅलरी ऊर्जा देणारी. म्हणजे पुडीत तीन ते चार कॅलरी आहेत आणि ‘शून्य कॅलरी’ हा दावा छापण्याची मुभा आहे. यात बेकायदा काही नाही. मात्र हे शून्य कुठल्या तराजूवर मोजून निघालेले नाही. सरकार, साखर कारखानदार, डॉक्टर आणि ग्राहक यांच्या शंभर वर्षांच्या ओढाताणीत ते घडले, आणि घडताना त्याचा अर्थ पुरता उलटला. एके काळी जे वैगुण्य म्हणून सॅकरीनवर बंदी आणायला पुरेसे ठरले, तेच पुढे त्याचे सर्वांत मोठे भांडवल झाले.

कथा सुरू होते ती बाल्टिमोरमध्ये. कॉन्स्टन्टिन फाल्बर्ग हा रसायनज्ञ तिथे आला तो एका आयात कंपनीसाठी साखरेची शुद्धता तपासायला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेम्सेन यांच्या प्रयोगशाळेत तो डांबरजन्य रसायनांवर काम करू लागला आणि जेवताना त्याला भाकरी विलक्षण गोड लागली. हातावर राहिलेल्या रसायनाचा तो गुण होता. दोघांचा शोधनिबंध 1879 साली प्रसिद्ध झाला. पेटंट मात्र फाल्बर्गने एकट्याने मिळवले आणि जर्मनीत माग्डेबुर्गजवळ कारखाना काढला. हे रेम्सेन कधी विसरले नाहीत. फाल्बर्गने स्वतः 10 ग्रॅम सॅकरीन खाऊन पाहिले, आणि त्याला काही अपाय झाला नाही. शरीर या द्रव्याचे काहीच करत नाही. जसे आत जाते तसेच ते मूत्रावाटे बाहेर पडते. पोषणाच्या दृष्टीने सॅकरीनची सगळी माहिती या एका वाक्यात संपते. प्रथिन नाही, स्निग्ध नाही, कर्बोदक नाही, जीवनसत्त्व नाही.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. सॅकरीन हे कार्बनचे संयुग आहे; उष्मामापकात जाळले तर उष्णता देतेच. विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अन्नाच्या ऊर्जेचा हिशेब अमेरिकी लोकांपुढे मांडला, तेव्हा त्यांनीही अन्न जाळून मिळणाऱ्या उष्णतेतून शरीराला न वापरता येणारा भाग वजा केला होता. तेव्हा सॅकरीनचे शून्य त्याच्या रेणूत नाही, त्या रेणूशी आपल्या शरीराचा काही संबंध जुळत नाही यात आहे. आणि जे संबंधातून येते त्याचा अर्थ काळ बदलला की बदलू शकतो.

तो बदलला कसा, हे पाहण्यासारखे आहे. अ‍ॅटवॉटर यांच्या काळात अन्नाची किंमत ठरे ती पैशाला किती ऊर्जा मिळते यावर. कामगाराच्या पोटात दिवसाला पुरेशा कॅलरी कशा जातील हा तेव्हाचा प्रश्न होता, आणि साखर ही स्वस्त ऊर्जा होती. अशा काळात साखरेची चव देणारा पण ऊर्जा न देणारा पदार्थ म्हणजे सरळ फसवणूक. जर्मनीत 1898 पासून कायदे कडक होत गेले आणि 1902 च्या कायद्याने सॅकरीन औषधाच्या दुकानापुरते, म्हणजे मुख्यतः मधुमेहींपुरते उरले. स्वित्झर्लंडमध्ये बंदी नव्हती, म्हणून तिथून ते चोरट्या मार्गाने शेजारच्या देशांत जाऊ लागले. अमेरिकेत शेतकी खात्याच्या रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली यांनी 1908 मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे तक्रार मांडली ती गोड मक्याच्या डब्यांबद्दल. त्यांचे म्हणणे असे की खाणाऱ्याला वाटते आपण साखर खातो, आणि त्याला मिळतो पोषणमूल्य नसलेला डांबरजन्य पदार्थ. रूझवेल्ट स्वतः डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज सॅकरीन घेत, त्यामुळे ते भडकले. पुढे त्यांनी तज्ज्ञांचे मंडळ नेमले, आणि अध्यक्ष झाले तेच रेम्सेन.

या मंडळाचा निष्कर्ष हा माझ्या मते या साऱ्या कुळकथेचा गाभा आहे. दिवसाला 0.3 ग्रॅमपर्यंत सॅकरीन घेतल्याने अपाय होत नाही, असे मंडळाने म्हटले. तरीही साखरेच्या जागी ते घातल्याने पदार्थाचे अन्नमूल्य घटते, असेही म्हटले. 1906 च्या अन्नशुद्धी कायद्यानुसार पदार्थाचा कस उतरवणारी भर म्हणजे भेसळ. या आधारावर 1911 मध्ये सॅकरीन घातलेले सामान्य खाद्यपदार्थ भेसळयुक्त ठरवण्यात आले. विष म्हणून दोषी ठरवलेले नाही, पोषण देत नाही म्हणून दोषी ठरवलेले. आजच्या पुडीवर जे अभिमानाने छापतात, तोच त्या निर्णयातला आरोप होता.

यावर कोणी म्हणेल की ही पोषणाची भाषा निव्वळ मुखवटा होती; पाठीमागे बीटच्या साखरेचे कारखानदार आणि साखरेवरचा कर बुडेल या भीतीने धास्तावलेली सरकारे होती. जर्मनीबाबत हे बरेचसे खरे आहे आणि नाकारण्याचे कारण नाही. पण हितसंबंध असणे म्हणजे युक्तिवाद चुकीचा असणे नव्हे. गोड मक्याचा डबा विकत घेणाऱ्या गरीब कुटुंबाला साखरेच्या ऊर्जेची गरज होती, आणि ती न देता तिची चव विकून कारखानदार पैसे वाचवत होता. सॅकरीनचा पहिला मोठा औद्योगिक उपयोग वजन घटवण्यासाठी झालाच नाही. झाला तो खर्च घटवण्यासाठी. 1901 साली सेंट लुईसमध्ये स्थापन झालेल्या मोन्सॅन्टोचे पहिले उत्पादन सॅकरीन होते, ते याच हिशेबावर. पहिल्या महायुद्धात साखर दुर्मीळ झाली आणि विरोधाची धार आपोआप बोथट झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या वर्गाला कॅलरींची टंचाई उरली नाही, उलट अतिरेक जाणवू लागला. तेव्हा औषधाच्या दुकानातली मधुमेहींची गोळी सगळ्यांच्या टेबलावर आली. ब्रुकलिनचे बेंजामिन आयझेनस्टॅट यांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी सॅकरीन डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून पुडीत भरले. सुरुवातीला जोडीला सायक्लमेट हे दुसरे कृत्रिम गोडद्रव्य होते, ज्यावर अमेरिकेने 1969 मध्ये बंदी घातली. पुडीचा हा शोध तंत्राच्या दृष्टीने साधा, पण त्याने नवा पेच निर्माण केला. शून्य पोषणाचे द्रव्य वाहून न्यायला पोषण असलेले द्रव्य लागले. 1977 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांमुळे सॅकरीनवर बंदीचा प्रस्ताव आला, तेव्हा लोकांनीच इतका विरोध केला की अमेरिकी संसदेने बंदी रोखली आणि केवळ इशारा छापायला लावला. तोही 2000 साली गेला. सत्तर वर्षांपूर्वी ज्या ग्राहकाची फसवणूक होते म्हणून सरकार उभे राहिले होते, तोच ग्राहक आता सरकारविरुद्ध सॅकरीनच्या बाजूने उभा होता.

पुडीवरचा आकडा आला तो 1990 च्या अमेरिकी लेबल-कायद्याच्या नियमांतून. एका वाढणीत 5 पेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य लिहिता येते. पुडी एक ग्रॅमची, म्हणून ती नेहमी या रेषेच्या आत बसते. युरोपीय संघाचा नियम वेगळा आहे: टेबलावरच्या गोडद्रव्याला ऊर्जामुक्त म्हणवायचे तर 6 ग्रॅम साखरेइतक्या गोडव्यामागे 0.4 कॅलरीहून जास्त चालत नाही. तीच पुडी एका किनाऱ्यावर शून्य, दुसऱ्या किनाऱ्यावर शून्य नाही. आणि रेष वाढणीवर असल्याने बेरीज केली की ती कोसळते: सुक्रालोज या आणखी एका गोडद्रव्याची दाणेदार भुकटी चमच्याला शून्य, पण पेलाभर मापून केकमध्ये घातली तर सुमारे 96 कॅलरी देते, तीही माल्टोडेक्स्ट्रिनची.

सुक्रालोज लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात 1976 मध्ये शशिकांत फडणीस यांच्या हातून गोड ठरले. ते साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवून बनते आणि बहुतांश शोषलेच जात नाही. अ‍ॅस्पार्टेमची गोष्ट याहून बोधक. 1965 मध्ये सर्ल कंपनीत जेम्स श्लॅटर यांना सापडलेले हे द्रव्य अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि फेनिलअ‍ॅलनिन या दोन अमिनो आम्लांचे बनलेले आहे. ते पचते आणि ग्रॅममागे 4 कॅलरी देते, म्हणून अमेरिकी नियमांत त्याची गणना पोषक गोडद्रव्यांत होते. दोनशेपट गोड असल्याने लागते मात्र इतके थोडे की ऊर्जा नगण्य राहते. पण ऊर्जा नगण्य म्हणजे पोषणघटक नगण्य नव्हे. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्या बालकाला फेनिलअ‍ॅलनिनचा हिशेब मिलिग्रॅममध्ये ठेवावा लागतो. भारतातही अशा पाकिटांवर त्यांच्यासाठी सक्तीची सूचना छापलेली असते. कॅलरींचे शून्य त्या पालकांना काहीच सांगत नाही, ही बारीक अक्षरांतली ओळ सगळे सांगते.

मुख्य आक्षेप अजून बाकी आहे: दोन चमचे साखरेतल्या बत्तीसेक कॅलरींच्या जागी तीन-चार आल्या, तर या साऱ्या चिकित्सेचा उपयोग काय? एका कपापुरता आक्षेप बरोबर आहे, आणि मधुमेहींना या पुडीने चहाचा आनंद परत दिला हे मी मनापासून मान्य करतो. पण पुडीचा दावा एका कपापुरता नसतो, आयुष्यभराच्या वजनाबद्दल असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मे महिन्यात वजन नियंत्रणासाठी अशी गोडद्रव्ये वापरू नयेत अशी सशर्त शिफारस केली. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. तिचा आधार असा की दीर्घकाळात चरबी घटल्याचा पुरावा मिळत नाही. वाचवलेली कॅलरी माणूस दुसरीकडे खातो की नाही, हे लेबलाला ठाऊक नसते.

भारतात सॅकरीनला सर्वाधिक मोकळीक कुठे आहे हे पाहिले की जुना हिशेब अजून जिवंत असल्याचे कळते. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत कार्बोनेटेड पेयांना दहा लाखांत 100 भागांची मर्यादा होती, पारंपरिक मिठायांना 500, सुपारीला 4000 आणि पानमसाल्याला 8000. सुपारी चघळणारा कोणीही कॅलरी वाचवायला चघळत नाही. तिथे सॅकरीन आहे ते साखरेपेक्षा स्वस्तात गोड करते म्हणून, म्हणजे वायलींनी मक्याच्या डब्यात जे पाहिले होते त्याच कारणाने.