धर्मग्रंथाचे मोल : शब्दसूचीपासून संगणकाच्या तबकडीपर्यंत

गेल्या चातुर्मासात आमच्या देवस्थानच्या महाजनांच्या बैठकीत एक वाद उपस्थित झाला. समाजातील एका संगणकतज्ज्ञ तरुणाने देवळात म्हटल्या जाणाऱ्या आरत्या, पदे व स्तोत्रे एकत्र करून ती मोबाइलवर वाचता व शोधता येतील असे एक सॉफ्टवेअर सिद्ध केले होते, आणि त्यासाठी अल्पसे मूल्य घेण्याचा त्याचा मानस होता. ज्येष्ठांपैकी एकांनी तत्काळ 'वेदविक्रय' हा शब्द उच्चारला. तरुणाने नम्रपणे उत्तर दिले, की देवळाच्या दाराशी छापील आरतीसंग्रह विकला जातो तेव्हा हा शब्द कोणासही आठवत नाही. बैठक निर्णयाविना संपली. आम्ही त्या दिवशी मौन पाळले. कारण दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्हांस सारखेच पटत होते, आणि अशा वेळी बोलणारा मनुष्य बहुधा दोघांचाही रोष ओढवून घेतो. घरी आल्यावर मात्र आम्ही या विषयाचा मागोवा घेऊ लागलो. तेव्हा ध्यानात आले, की जो प्रश्न आमच्या सभामंडपात आज उभा राहिला, त्यास अमेरिकेतील ख्रिस्ती समाजाने चाळीस वर्षांपूर्वीच तोंड दिले होते. तो वृत्तान्त वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्याकडील विचार थोडक्यात सांगितला पाहिजे. वेतन घेऊन वेद शिकविणाऱ्यास मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीत अपात्र ठरविले आहे, आणि वेद विकणाऱ्याची महाभारतातही निंदा आहे. उलट पोथी लिहवून ती सत्पात्री देणे हे विद्यादान होय; यादवांच्या दरबारातील हेमाद्री पंडिताच्या दानखंडात त्याचा विचार आढळतो. परंतु पोथी लिहून देणाऱ्या लेखकास मोबदला देऊ नये, असे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. मंत्राचे मोल नाही, हाताच्या श्रमाचे आहे, असा हा भेद होता. तो व्यवहारात सर्वांस कळत असे, म्हणून कोणास विशद करून सांगण्याची आवश्यकता भासली नाही. नवे साधन आले, की तोच भेद पुसट होतो. आपल्या प्रियोळचे सुपुत्र प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणकलेवरील १९५८ च्या ग्रंथात मिरजेस १८०५ साली ताम्रपटांवरून छापलेल्या भगवद्गीतेची हकिकत दिली आहे. त्या उद्योगाचा आरंभ पुण्यास नाना फडणिसांच्या काळात झाला होता. पुढे मुंबईस गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला, तेव्हा शाईतील चरबीची शंका सोवळ्या लोकांच्या मनात येई; म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरल्याचे सांगतात. आज ही गोष्ट ऐकून हसू येते. परंतु आमच्या बैठकीतील वाद ऐकून आणखी शंभर वर्षांनी कोणी हसणार नाही, अशी खात्री आम्ही देऊ शकत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. बायबल संगणकावर गेले ते वाचण्यासाठी नव्हे, शोधण्यासाठी. आणि शोधण्याची ही आवड संगणकापेक्षा फार जुनी आहे. कोणता शब्द कोणत्या वचनात आला आहे हे सांगणारी शब्दसूची अलेक्झांडर क्रूडन या लंडनमधील ग्रंथविक्रेत्याने १७३७ साली एकहाती सिद्ध केली. हा गृहस्थ मुद्रिते तपासून पोट भरणारा होता. ग्रंथ त्याने राणी कॅरोलाइनला अर्पण केला; परंतु त्याच नोव्हेंबर महिन्यात राणी निवर्तली आणि राजाश्रयाची आशा मावळली. पुढे १८९० साली अमेरिकेत जेम्स स्ट्राँग यांची सर्वसमावेशक सूची निघाली. मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांना त्यांनी क्रमांक दिले. ज्याला त्या भाषांचे अक्षरही येत नाही, त्या शेतकऱ्यालाही क्रमांकाच्या आधाराने मूळ शब्दापर्यंत जाता येऊ लागले. शंभर वर्षांनी संगणकवाल्यांना आयते हाती लागले ते हेच क्रमांक. सूचीवरील स्वामित्वाची मुदत संपली होती. स्ट्राँग यांच्या वारसांस कोणी एक पैसाही देणे लागत नव्हते.

यंत्राचा पहिला मोठा उपयोग मात्र एका पाद्र्याने केला. इटलीतील येशू संघाचे रोबेर्तो बुसा यांना संत थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लेखनाची शब्दसूची करावयाची होती. लेखन लॅटिन, शब्द एक कोटीच्या घरात. १९४९ साली त्यांनी न्यूयॉर्कला जाऊन आय.बी.एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची भेट घेतली व साहाय्य मिळविले. छिद्रांची कार्डे तयार करण्याचे काम इटलीतील गल्लाराते येथे मुख्यत्वे तरुण मुलींनी केले. १९७४ ते १९८० या काळात ही सूची ५६ खंडांत छापून निघाली. बुसा यांचे नाव सर्वत्र झाले, ते योग्यच आहे. पण कार्डांवर छिद्रे पाडणाऱ्या त्या मुलींची नावे जगास फार उशिरा कळली. आपल्याकडील पोथ्यांच्या अखेरीस निदान लेखकाचे नाव, गाव व शके यांची नोंद तरी असते.

हे सर्व विद्यापीठांचे व मठांचे काम झाले. इस्रायलमध्ये १९६३ पासून धर्मशास्त्रीय निवाड्यांचा जो संगणकीय संग्रह सुरू झाला आणि पुढे बार-इलान विद्यापीठात वाढला, तोही याच कोटीतला. सामान्य भाविकाच्या घरात धर्मग्रंथ सॉफ्टवेअरच्या रूपाने आला तो १९८० नंतर, घरगुती संगणकांबरोबर. टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथील बायबल रिसर्च सिस्टिम्स या छोट्या कंपनीने १९८२ च्या सुमारास ॲपल २ या संगणकासाठी संपूर्ण बायबल विक्रीस काढले. त्याचे नाव 'द वर्ड प्रोसेसर'. या नावात श्लेष आहे. शब्दांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला इंग्रजीत वर्ड प्रोसेसर म्हणतात, आणि 'द वर्ड' म्हणजे ख्रिस्ती परिभाषेत साक्षात् ईश्वराचे वचन. किंमत सुमारे २०० डॉलर. त्या वेळी छापील बायबल दहा-वीस डॉलरांस सहज मिळे, कित्येक ठिकाणी फुकटही वाटले जाई. मग हे दोनशे डॉलर कशाचे?

याचे उत्तर यंत्राच्या अडचणींत आहे. राजा जेम्सच्या आज्ञेने १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात सुमारे ७ लाख ८० हजार शब्द व ३१ हजारांहून अधिक वचने आहेत; अक्षरे व मोकळ्या जागा धरून हा मजकूर ४० लाखांच्या पुढे जातो. ॲपल २ च्या फ्लॉपीच्या एका बाजूवर १ लाख ४० हजारांच्या आसपास अक्षरे मावत. म्हणजे मजकूर जसाच्या तसा उतरविला, तर तीस बाजू लागल्या असत्या. तेव्हा तो युक्तीने आकुंचित करणे, वाचताना पुन्हा मूळ रूपात उलगडणे, शब्द शोधणे, एक फ्लॉपी काढून दुसरी घालावयास सांगणे, हे सर्व त्या यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत बसवावे लागे. ग्राहक पैसे मोजत होता ते या कौशल्याचे. वचन त्याच्या कपाटात आधीच होते.

तथापि ही मांडणी जेथे बिनतोड वाटते तेथेच ती ढिली पडते. या आरंभीच्या विक्रेत्यांना १६११ चे भाषांतर सोयीचे होते, कारण अमेरिकेत त्यावर कोणाचेही स्वामित्व नाही. खुद्द इंग्लंडात मात्र ते छापण्याचा अधिकार अद्याप राजसत्तेच्या सनदेने बांधलेला आहे! विसाव्या शतकातील नवी भाषांतरे घ्यावयाची, तर प्रकाशकांची परवानगी व मानधन आले. तेव्हा केवळ शोधण्याची सोय विकली जाते, वचन विकले जात नाही, असे छातीठोकपणे म्हणता येईना. शिवाय शेजाऱ्यास बायबलची प्रत देणे हे त्या समाजात पुण्यकर्म. पण तेच बायबल फ्लॉपीवरून उतरवून दिले तर कायद्याने चोरी. एकाच कृतीचे पुण्य आणि पाप केवळ साधन बदलल्याने अदलाबदल व्हावे, हे धर्मनिष्ठ मनास कसे रुचावे?

यातून दोन वाटा फुटल्या. एक व्यापाराची. मायक्रोसॉफ्टमधील दोन तरुण, बॉब प्रिचेट व कीर्नन रायनिगर, यांनी सुरू केलेले 'लोगोस' १९९२ साली बाजारात आले. पुढे त्याने बायबलबरोबर भाष्ये, कोश, प्रवचने यांचे अफाट ग्रंथालयच विकावयास आरंभ केला. याच सुमारास आलेले 'बायबलवर्क्स' हे अभ्यासकांचे आवडते सॉफ्टवेअर २०१८ साली बंद पडले. छापखाना बंद पडला तरी पुस्तक फडताळात राहते. विकत घेतलेले सॉफ्टवेअर मात्र नव्या संगणकावर चालेनासे झाले, की ग्राहकाची त्यातील टिपणेही संकटात सापडतात. व्यापाराच्या वाटेवरील हा धोका आमच्या महाजनांपैकी कोणीही बोलून दाखविला नव्हता.

दुसरी वाट दानाची. कॅनडातील लॅरी पिअर्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'ऑनलाइन बायबल' काढले व प्रती करून इतरांस देण्याची मोकळीक ठेवली. क्रॉसवायर संस्थेच्या 'सोर्ड' या उपक्रमाने तर सॉफ्टवेअरची घडणच उघडी केली. कोणीही ती पाहावी, सुधारावी, वाटावी. २००० साली आलेले रिक मेयर्स यांचे 'ई-सोर्ड' विनामूल्य असल्याने घराघरांत गेले. ही मंडळी दिवसा नोकरी करीत आणि रात्री हे काम. फुकट म्हणजे श्रमावाचून, असे समजू नये.

संगणकाच्या जगात श्रद्धेला काय स्थान, असा प्रश्न येथे सहज मनात येतो. त्या जगाची ख्याती नास्तिक अथवा उदासीन अशी आहे, आणि धर्माचे विडंबन करण्याची तेथे हौसही मोठी. पण अपवाद लहानसहान नाहीत. १९८७ साली 'पर्ल' ही संगणकीय भाषा निर्माण करून मुक्तहस्ताने देऊन टाकणारे लॅरी वॉल यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला होता तो वेगळ्याच हेतूने : लिपी नसलेल्या एखाद्या समाजात जावे, त्यांची भाषा लेखनिविष्ट करावी, बायबलचे भाषांतर करावे. प्रकृतीच्या कारणाने ते घडले नाही. भाषेचे नाव त्यांनी येशूच्या मौल्यवान मोत्याच्या दृष्टान्तावरून घेतले. तीत साध्या वस्तूस विशिष्ट वर्गात दाखल करणाऱ्या आज्ञेस 'ब्लेस', म्हणजे आशीर्वाद देणे, असे नाव आहे. प्राणप्रतिष्ठा जाणणाऱ्या आमच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटू नये. स्टॅनफर्डचे थोर गणिती डोनाल्ड क्नूथ हे लुथरपंथीय. बायबलच्या प्रत्येक पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन घेऊन त्यांनी एक ग्रंथ लिहिला व देशोदेशींच्या सुलेखनकारांकडून ती वचने लिहवून घेतली. त्यांनीच ग्रंथांच्या अक्षरजुळणीसाठी केलेले 'टेख' हे सॉफ्टवेअर सर्वांस मोकळे आहे. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी त्यात देवनागरी आणली, आणि अविनाश चोपडे यांनी १९९० नंतरच्या आरंभीच्या काळात 'आयट्रान्स' ही रोमन अक्षरांतून देवनागरी उमटविणारी योजना केली. परदेशी स्थायिक झालेल्या कितीतरी भारतीयांनी लहानपणी पाठ केलेली स्तोत्रे या साधनांनी टंकित करून सर्वांस वाटली. अशा रीतीने एका लुथरपंथीयाच्या औदार्याची पाऊलवाट आपल्या देवघरापर्यंत येऊन पोहोचते.

महाभारताची हकिकत याहून बोलकी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात, १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुखठणकरांसारख्या पंडिताचे आयुष्य त्यात वेचले गेले. ही संहिता संगणकात प्रथम उतरविली गेली ती पुण्यास नव्हे, तर जपानमध्ये क्योतो येथे, प्रा. मुनेओ तोकुनागा यांच्या हातून. केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती मूळ ग्रंथाशी ताडून शुद्ध केली, आणि १९९९ साली भांडारकर संस्थेच्याच स्वामित्वाखाली ती अभ्यासकांस विनामूल्य खुली झाली. स्वामित्व राखले, पण मोल घेतले नाही. आमच्या मते हा मध्यम मार्ग विशेष विचार करण्याजोगा आहे. आणि इगतपुरीस विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पाली त्रिपिटक अट्ठकथांसह संगणकात उतरवून १९९७ पासून त्याच्या तबकड्या जगभर विनामूल्य वाटल्या. धम्माचे दान विकू नये हा तेथील दंडक, आणि खर्च साधकांच्या दानातून. बायबल सोसायटीने १८०४ पासून व गीता प्रेसने १९२३ पासून खर्चाहूनही कमी किमतीत ग्रंथ विकण्याची जी रीत पाडली, तिच्याही पुढचे हे पाऊल होय.

हा सर्व वृत्तान्त आम्ही पुढील बैठकीत सांगितला. ज्येष्ठांचे पूर्ण समाधान झाले नाही. तरुणाने मात्र एक गोष्ट मान्य केली : आरत्या-पदांची संहिता वेगळी करून ती कोणासही उतरवून घेता येईल अशी मोकळी ठेवावयाची, मोल घ्यावयाचेच झाल्यास ते केवळ शोध, चाली व ध्वनिमुद्रण यांचे. यावर कोषाध्यक्षांनी विचारले, की संहिता शुद्ध आहे हे कोणी पाहिले? तेव्हा कळले, की ती एका छापील पुस्तकावरून घेतली होती, आणि देवळातील जुन्या हस्तलिखित बाडाशी ती तीन ठिकाणी जुळत नाही. बाडाचे ते पान पावसाच्या पाण्याने भिजलेले आहे. दोन ओळी लागत नाहीत. काकड आरतीस नित्य येणाऱ्या एका वृद्ध बाईंना ते पद मुखोद्गत आहे असे पुजाऱ्यांनी सांगितले. कार्तिकी एकादशीच्या आत त्यांच्याकडे जाऊन ते लिहून घ्यावयाचे, एवढे त्या दिवशी ठरले.