नाव 'आयडी' नसेल तर

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दूध संस्थेचा जुना डेटाबेस मी नव्या अ‍ॅप्लिकेशनला जोडत होतो. सकाळी दुधाचा पगार वाटायचा होता आणि रात्रीचे अकरा वाजले तरी अ‍ॅप्लिकेशन सुरू होईना. वरचा संदेश मोघम होता: कॉन्फिगरेशन चुकीचं किंवा अपुरं आहे. आतलं एक्सेप्शन उघडलं तेव्हा खरं कारण कळलं. 'सभासद' या क्लासला आयडीच नव्हता.

मला हसू आलं. संस्थेतल्या प्रत्येकाला सभासद क्रमांक होता आणि टेबलात तीच प्रायमरी की होती. पण मी ऑटोमॅपिंग वापरत होतो, आणि ते 'आयडी' नावाचीच प्रॉपर्टी शोधत होतं.

या हट्टामागे दोन घराणी आहेत. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन निगार्ड या नॉर्वेजियन संशोधकांच्या 'सिम्युला ६७' भाषेतून क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना आल्या. तिथे दोन ऑब्जेक्टमधली माहिती तंतोतंत सारखी असली तरी ते दोन वेगळेच. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. तिथे माहिती टेबलांत राहते आणि प्रत्येक ओळ तिच्यातल्या मूल्यांवरून ओळखायची. म्हणजे 'ओळख कशाने पटते?' या प्रश्नावरच दोन्ही घराण्यांचं एकमत नाही.

तरी त्यांची सोयरीक जुळवणं भाग होतं, कारण प्रोग्रॅम एका घरातले आणि डेटा दुसऱ्या घरातला. २००१ साली गॅव्हिन किंग यांनी जावासाठी हायबरनेट सुरू केलं. तेव्हा मॅपिंग एक्सएमएलमध्ये लिहीत: हा क्लास त्या टेबलात, ही प्रॉपर्टी त्या कॉलमात. काम कंटाळवाणं, पण प्रत्येक निर्णय डोळ्यांसमोर. २००४ साली रुबी ऑन रेल्स आलं आणि त्याने वेगळी वाट रुळवली: नावं ठरलेल्या पद्धतीने ठेवा, बाकीचं आपोआप जुळेल. डॉटनेटच्या जगात फ्लुएंट एनहायबरनेटने तीच सोय दिली. ती मलाही आवडली होती. २००६ साली टेड न्यूअर्ड यांनी या साऱ्या खटाटोपाला संगणकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं होतं: शिरताना सोपं, बाहेर पडताना अवघड. मी ते वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

त्या रात्री मी सगळ्यात जवळची वाट धरली. सभासदांच्या टेबलात 'आयडी' नावाचा कॉलम टाकला. त्यात आकडे आपोआप भरले गेले. दुधाच्या नोंदींतला क्रमांक त्याला जोडला. अ‍ॅप्लिकेशन सुरू झालं. मी झोपलो.

सकाळी संस्थेच्या सचिवांनी बिलांचा गठ्ठा चाळला आणि चष्मा काढला. "साहेब, या बाईंकडं एकच गाय हाय. एवढं दूध कुठलं?"

क्रमांकांमध्ये फटी होत्या. कुणी वारलं, कुणी संस्था सोडली. ते क्रमांक पुन्हा कुणाला दिले नव्हते. माझा आयडी मात्र एक, दोन, तीन असा सलग चालला होता. पहिल्या फटीपासून पुढे प्रत्येकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं. एरर कुठेच नव्हती.

पैसे वाटले गेले नव्हते, एवढंच नशीब. कॉलम काढून टाकला. 'सभासद क्रमांक हीच ओळख आहे आणि ती आम्ही देतो, तू तयार करू नकोस' असं सांगणारी एक ओळ मॅपिंगमध्ये लिहिली. पगार तीन तास उशिरा झाला. रांगेतल्या लोकांच्या नजरेला मी नजर देऊ शकलो नाही.

मग एक गोष्ट शिकलो. ऑटोमॅपिंग आतल्या आत तीच जुनी एक्सएमएल तयार करतं. सांगितलं तर ती फोल्डरमध्ये काढूनही देतं. निर्णय नाहीसे झालेले नसतात, फक्त आपल्या नजरेआड घेतलेले असतात. आता अशी एरर आली की दुरुस्तीला हात लावण्याआधी मी ती फाइल काढून वाचतो. यंत्राने काय गृहीत धरलं ते तिथे लिहिलेलं असतं. ते खरं की खोटं, हे मात्र सचिवांसारख्या माणसालाच विचारावं लागतं.