साती आसरा आणि रामदास बोट

आमच्या खडवलीची भातसा नदी वरून शांत दिसते. पण तळाशी कातळ आहे आणि मधेच पाय टेकत नाही असे डोह. जुनी माणसं पोरांना दम द्यायची, "डोहात साती आसरा हायेत. भर दुपारी गेलास तर खाली ओढतील." आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. काठावर सात दगड मांडायचे, शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा. त्या भीतीनं पोरं डोहाकडं फिरकत नसत.

भातसेचं पाणी पुढं काळू-उल्हासमधून खाडीला आणि खाडीतनं समुद्राला जातं. तिथं कोळ्यांचीही अशीच रीत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याबिगर होडी बाहेर काढायची नाही. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, म्हणून त्याला देवाचं कुलूप.

17 जुलै 1947, ऐन पावसाळा. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. रामदास बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. सारं कोकण रडलं. पुढं कितीतरी वर्षं लोक म्हणत, अमावस्येनं घात केला, दर्यानं बळी घेतला. पण घडलं ते असं : वारा सुटला, लाटा आत आल्या, माणसं भिऊन एका अंगाला धावली आणि भरलेली बोट कलंडली. बुडणाऱ्यांना वाचवायला धावले ते रेवसचे कोळी. दर्याला देव मानणारी हीच माणसं.

आता खडवलीला लोकल थांबते. सुट्टीच्या दिवशी शहरातली पोरं नदीवर येतात. वरच्या अंगाला शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. त्याची दारं उघडली की इथं पाऊस नसला तरी पाणी चढतं. पावसाळ्यात बंदीचा हुकूम निघतो, तरी दरसाल कुणाचं तरी लेकरू बुडतं. मग काठावर कुणीतरी म्हणतं, "नदी बळी घेतेच." एवढं बोललं की आपण मोकळे.

आसरा कुणी पाहिल्या नाहीत. पण त्यांचे दगड जिथं मांडलेले, तिथं पाणी खोल असायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. बाहेरून आलेल्या पोराला ते कोण सांगणार? आसरा मानायच्या की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. डोह कुठं आहे, एवढं मात्र काठावरच्या माणसानं त्याला हाक मारून सांगावं.