काष्ठावशेषांचे कालनिर्धारण : तेर

जुन्या वास्तूतील लाकडी घटक कोणत्या काळातील आहे व तो मुळात कशासाठी घडविला गेला, हे ठरविण्याच्या अभ्यासास काष्ठावशेषांचे कालनिर्धारण म्हणतात. लाकूड ओल, वाळवी व आग यांमुळे नष्ट होते. शिवाय चौकट, तुळई किंवा खांब एका वास्तूतून काढून दुसरीत बसविता येतो. त्यामुळे घटकाचा काळ तोच वास्तूचा काळ, असे गृहीत धरता येत नाही.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे तेर हे या दृष्टीने महत्त्वाचे स्थळ होय. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितलेले तगर नगर ते हेच, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. पुढे हेन्री कझिन्स यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात येथील अवशेषांचे वर्णन केले. येथील त्रिविक्रम व उत्तरेश्वर ही मंदिरे विटांची असून उत्तरेश्वराची कोरीव लाकडी द्वारचौकट प्रसिद्ध आहे. कार्ले व भाजे येथील चैत्यगृहांच्या छतांना लाकडी कमानी असल्या, तरी महाराष्ट्रात प्राचीन काष्ठकाम क्वचितच टिकले आहे; म्हणून अशा चौकटीचे मोल मोठे आहे.

अशा घटकाच्या बाबतीत झाड वाढल्याचा, लाकूड कोरल्याचा व ते वास्तूत बसविल्याचा, असे तीन काळ वेगळे मानावे लागतात. डब्ल्यू. एफ. लिबी यांनी १९४९ च्या सुमारास विकसित केलेल्या कार्बन-१४ पद्धतीने (अर्धायुष्य सु. ५,७३० वर्षे) पहिला काळ कळतो. जुन्या वृक्षाच्या गाभ्याचा नमुना घेतल्यास तो कोरीवकामापेक्षा पुष्कळ आधीचा येऊ शकतो. कोरल्याचा काळ दगडी द्वारशाखांवरील नक्षी व मूर्ती यांच्याशी तुलना करून, तर बसविल्याचा काळ सांधे आणि भोवतालच्या विटा यांवरून अजमावतात.

हत्यारांच्या खुणा मूळ भाग व नंतरची दुरुस्ती यांतील भेद दाखवितात. वाकसाने तासलेल्या पृष्ठभागावर उथळ खळगे दिसतात. हातकरवतीच्या रेषा सरळ पण असमान, तर वर्तुळाकार करवतीच्या कमानदार असतात. ही करवत यूरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. करवत, रंधा व छिद्रण यांची साधने एकाच सांगाड्यास जोडणारी बहुकार्यी यंत्रे त्यानंतरची होत. त्यांच्या प्रत्येक जोडसाधनाची खूण निराळी असते, उदा., यांत्रिक रंध्याने समान अंतराच्या बारीक लहरी उमटतात. अशा खुणांचा तुकडा प्राचीन चौकटीत आढळल्यास तो अर्वाचीन ठरतो. यंत्राने कापलेले गोल तारखिळेही एकोणिसाव्या शतकापूर्वीचे नसतात.

जुने लाकूड रंधून गुळगुळीत केल्यास हा पुरावा कायमचा नाहीसा होतो, तर तेल वा रोगण दिल्याने कार्बन-१४ मापनात दोष येऊ शकतो. म्हणून जीर्णोद्धारापूर्वी प्रत्येक घटकाचे रेखांकन व छायाचित्रण करणे आवश्यक ठरते.