बातमी कुणाची?

वस्तीतल्या पोरांना मी एकच सांगत आलोय. पेपर हातात घेतला की आधी बातमी वाचू नका, सांगणारा कोण ते बघा. हा काही माझा शोध नव्हे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तो याचसाठी. मुंबई इलाख्यात पत्रं काय कमी होती? पण बहुतेक पत्रं एकेका जातीचं हित बघणारी, हे त्यांनी पहिल्याच अंकात मांडलं. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं छापली नाही. आमचं असणं ही बातमीच नव्हती.

२० मार्च १९२७ ला महाडात आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. मार खाल्ला आपण आणि टीकाही आपल्यावरच. चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाला. टीकेला उत्तर मिळू लागलं.

पण आपला पेपर असला म्हणून भागत नाही. मूळ कागद बघावा लागतो. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार घ्या. लोकांच्या तोंडी एवढंच, की गांधींचे प्राण वाचले. करार उघडा. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. पण आपण निवडायचे ते प्रत्येक जागेसाठी चार उमेदवार. त्यातला एक ठरवणार सर्वसाधारण मतदारसंघ. स्वतंत्र मतदारसंघ गेला. जागा आल्या, निवड हातची गेली. हे मथळ्यात दिसत नाही, कलमात दिसतं.

दहा पेपर एकच सांगतात म्हणून ते खरं, असंही नाही. आणीबाणीत बातमी सेन्सॉरच्या चाळणीतून यायची. २८ जून १९७५ ला ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार, समाचार भारती या चारही वृत्तसंस्था एकत्र कोंबून ‘समाचार’ नावाची एकच केली. १९७८ मध्ये त्या पुन्हा सुट्या झाल्या. तोवर नळ दहा, टाकी एक. मग दहा साक्षीदार कुठले?

आज मोबाइलवर नळच नळ आहेत. दोस्तांनो, टाकी शोधा. मालक कोण? जाहिरात कुणाची? ज्याच्यावर बेतलं त्याला कुणी विचारलं का? कायदा असेल तर राजपत्र बघा, भाषण असेल तर संसदेतल्या चर्चेची नोंद बघा. विरोधातला पेपरही वाचा. एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं जे कबूल करतात, ते बहुधा घडलेलं असतं.

मत आपल्याला एकच आहे. ते दुसऱ्यानं रचलेल्या मथळ्यावर उधळायचं नाही.