३१ डिसेंबर १६६८ : हर्मन बूरहावे यांचा जन्म

लायडनजवळच्या व्होरहाउट गावी एका पाद्र्याच्या घरी जन्मलेल्या या डच वैद्याने विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेशी नेऊन शिकवले. पण त्यांचे नाव आजही डॉक्टरांच्या तोंडी आहे ते एका मृत्यूमुळे. १७२३ च्या ऑक्टोबरात डच ॲडमिरल वासेनार यांनी भरपेट जेवणानंतर उलटीचे औषध घेतले. उमाळे येताना छातीत काहीतरी फाटल्यासारखे वाटून ते किंचाळले आणि एका दिवसाच्या आत गेले. बूरहावेंनी शवविच्छेदन केले. छाती उघडताच बदकाच्या मांसाचा वास आला. पोटातले अन्न फुप्फुसाभोवती साचले होते आणि अन्ननलिका आरपार तुटली होती. १७२४ साली त्यांनी हे सारे बारकाईने छापले; उलटीच्या जोराने अन्ननलिका अशी फाटण्याला आजही त्यांचेच नाव आहे. रुग्ण गमावल्यावरही कारण शोधण्याची ही चिकाटी थोरच.

उलटीच्या जोराने अन्ननलिका आरपार न फाटता आतले अस्तर तेवढेच चिरते, रक्ताची उलटी होते, तो प्रकार १९२९ मध्ये बोस्टनच्या मॅलरी आणि वाइस यांनी नोंदवला. ती चीर बहुधा आपणहून भरते. आरपार फाटलेली अन्ननलिका शिवून रुग्ण वाचवण्यात मात्र लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांना १९४७ मध्ये यश आले.