हजेरीपट कोणाचा?

साताऱ्यातली युनायटेड वेस्टर्न बँक अजून अनेकांना आठवते. ती काढणाऱ्या अण्णासाहेब चिरमुले यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९१३ साली, याच गावात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स ही आयुर्विमा कंपनी काढली होती, हे मात्र आता फार थोड्यांना माहीत असतं. मुंबई-कलकत्त्याच्या त्या धंद्यात एका जिल्ह्याच्या गावाने आपली कंपनी उभी केली, याचा मला आजही अभिमान वाटतो. माझे वडील, आमचे नाना, तिथे कारकून होते. पुढे माझीही सगळी नोकरी विम्यातच झाली. निवृत्तीनंतर मी विमा कंपन्यांच्या मुलाखतींना निघालेल्या मुलामुलींची तयारी करून घेते.

मुलं हुशार असतात. टर्म प्लॅन, एंडाउमेंट, युलिप सगळं तोंडपाठ असतं. मुलाखतीच्या शेवटी समोरचा विचारतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ आणि सगळी म्हणतात, ‘नाही सर.’ हे मला सहन होत नाही. विचारायचे प्रश्न या धंद्याच्या इतिहासात तयार पडले आहेत आणि त्यांची किंमत आधीच्या माणसांनी मोजलेली आहे.

नानांच्या काळी मुलाखत अशी नसायचीच. कोणाची तरी चिठ्ठी घेऊन जायचं, अक्षर दाखवायचं, आकडेमोड करून दाखवायची. उमेदवाराने कंपनीला काही विचारणं म्हणजे उद्धटपणा. आणि खरं तर विचारण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट तेव्हाच होती: ही कंपनी टिकेल का? १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत देशातल्या २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि आणखी २५ कंपन्यांनी पैसा इतका उधळला की त्यांचा कारभार तोट्यात दुसऱ्यांच्या गळ्यात घालावा लागला. विमेदाराचं नुकसान निदान हिशेबात आलं. त्या कंपन्यांत लेजर लिहिणाऱ्या माणसांचं काय झालं, याची नोंद कुणी ठेवली?

१९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवर बोलले आणि आयुर्विमा कंपन्यांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या. चिंतामणराव महाडजवळच्या नाते गावचे. त्यांचं ते भाषण नाना आयुष्यभर सांगत. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं आणि साताऱ्याची कंपनीही त्यात गेली.

इथे मला मुलांना थांबवून एक गोष्ट नीट सांगायची असते, कारण आजच्या नोकऱ्यांशी तिचा थेट संबंध आहे. त्या काळी कंपन्या एखाद्या भागाचं काम चीफ एजंटकडे सोपवत. त्याच्या कचेरीवर पाटी कंपनीची असे, छापील कागद कंपनीचे असत, पण तिथला कारकून आणि शिपाई चीफ एजंटचे नोकर. राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला तेव्हा हा फरक एका रात्रीत उघडा पडला. आयुर्विम्याचं काम करणारे कंपन्यांचे पूर्णवेळ नोकर कलम ११ प्रमाणे महामंडळात आले. चीफ एजंटच्या नोकरांसाठी कलम १२ वेगळं लिहावं लागलं आणि त्यात ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यांनाच वाट मिळाली. एकाच प्रकारचं काम करणाऱ्या दोन माणसांचं भवितव्य हजेरीपट कोणाचा, यावर ठरलं.

आज ‘ऑफ-रोल’ नावाने तीच गोष्ट चालते. गळ्यातलं कार्ड विमा कंपनीचं, बसायची जागा बँकेच्या शाखेतली, आणि नेमणूकपत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसऱ्याच संस्थेचं. म्हणून माझ्या यादीतला पहिला प्रश्न ठरलेला आहे: ‘माझं नेमणूकपत्र कोणाच्या लेटरहेडवर निघेल आणि पीएफ कोण भरेल?’ हे नम्रपणे विचारता येतं, आणि विचारलंच पाहिजे.

असे प्रश्न एकट्याने विचारायचं बळ माणसाला एकदम आलेलं नाही. १९५१ च्या जुलैत मुंबईत अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटना स्थापन झाली. टेबलापलीकडे एकट्या उमेदवाराला जे विचारता येत नव्हतं, ते संघटनेने मागणीपत्रात लिहून विचारलं. पुढे आणीबाणीत, १९७६ साली, महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना कराराने मिळालेला बोनस कायदा करून काढून घेतला गेला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने तो कायदा रद्द ठरवला. लेखी कराराला किती वजन असतं, हे मी त्या खटल्यावरून शिकवते.

मुलींना मी आणखी एक खटला सांगते, आणि तो सांगताना आजही माझा आवाज चढतो. नीरा माथूर लेखी परीक्षा आणि मुलाखत पार करून महामंडळात सहायक म्हणून लागल्या. नेमणुकीआधी भरायच्या फॉर्ममध्ये बायकांसाठी रकाने होते: पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस राहिले, गर्भपात झाला का. जानेवारी १९९० मध्ये त्यांना मूल झालं, फेब्रुवारीत त्यांना प्रोबेशनवरच काढून टाकलं. पाळीची तारीख खोटी दिली, असं महामंडळाचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही, तरी त्या पुढे लढल्या. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत नोकरीवर घ्यायला लावलं आणि ते रकाने फॉर्ममधून काढायला सांगितलं. आमच्या कचेरीत डबा खाताना आम्ही बायकांनी ती बातमी मोठ्याने वाचली होती. एका बाईने असे प्रश्न विचारणाऱ्यांना जाब विचारला, म्हणून आज साताऱ्याची मुलगी ‘प्रोबेशनमध्ये बाळंतपणाची रजा कशी धरता?’ असं मान ताठ ठेवून विचारू शकते.

२००० सालच्या ऑक्टोबरात खासगी कंपन्यांना परवाने मिळायला लागले आणि आयुर्विम्यात पुन्हा अनेक मालक आले. टार्गेट, इन्सेंटिव्ह यांबद्दल मुलं आपणहून विचारतात, त्यावर मी वेळ घालवत नाही. मी त्यांना तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी विचारायला लावते: विकलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला? हा आकडा कंपन्या जाहीर करतात. आपण मागायचा तो ज्या शाखेत बसणार तिथला. तो पडलेला असेल, तर तिथे लोकांच्या गळ्यात पॉलिसी मारल्या जातात आणि ते काम उद्या आपल्याकडूनच करून घेतलं जाणार आहे.

शेवटचा प्रश्न दाव्याचा. १९३८ च्या विमा कायद्यातलं कलम ४५ २०१५ साली बदललं, आणि पॉलिसीला तीन वर्षं उलटली की कोणत्याही कारणावरून तिच्यावर शंका घेता येणार नाही असं ठरलं. पण त्या तीन वर्षांच्या आत दावा नाकारला गेला, तर ते ऐकायला एक बाई घरी बसलेली असते. म्हणून मी मुलांना विचारायला सांगते, ‘मी विकलेल्या पॉलिसीचा दावा नाकारला, तर त्या घरी जाऊन कोण सांगतं, आणि त्यांच्या हातात लेखी काय देतं?’ उत्तर काय मिळालं ते परत येऊन मला सांगायचं. ती नोकरी घ्यायची की नाही, हे आम्ही त्यानंतर बसून ठरवतो.